रणातील खोकड

इंग्रजीतील 'फॉक्स'ला मराठीत सर्रास 'कोल्हा' म्हटले जाते. वस्तुतः कोल्हा म्हणजे उर्दूतील गीदड, गुजरातीतील शियाळ. उर्दू लोमडी, गुजराती लोंकडी ती मराठीत खोकड होय. सुरतेच्या विद्यार्थ्यास हा प्राणी आपल्याच राज्यात, कच्छच्या छोट्या रणात पाहावयास मिळतो. तेथे त्याच्या दोन जाती आढळतात. शेपटीचे टोक पांढरे असल्यास वाळवंटी खोकड, काळे असल्यास भारतीय खोकड समजावे.

वाळवंटी खोकड दुपारचे ऊन बिळात काढतो. बिळाला अनेक तोंडे असल्याने संकटात निसटता येते. सांजावल्यावर तो उंदीर, सरडे, किडे शोधतो, बोरेही खातो. पाण्याची बरीचशी गरज भक्ष्यातील ओलाव्यानेच भागते. पिल्ले बिळात वाढतात. नर व मादी दोघेही त्यांना भरवतात.

उंदीर फस्त करणारा हा प्राणी शेतकऱ्याचा मित्रच आहे. परंतु त्याच्या बिळांची उघडी माळजमीन दप्तरात 'पडीक' ठरते आणि नांगराखाली वा बांधकामाखाली जाते. ज्या जमिनीला आपण ओसाड म्हणतो, ती त्याचे घर आहे. विद्यार्थ्यांना त्याची अचूक नावानिशी ओळख करून देणे, ही त्याच्या रक्षणाची पहिली पायरी होय.