नापा ते पेल्येशाट्स : ग्रगिच यांची नजर

मिल्येन्को ऊर्फ माइक ग्रगिच यांचं नाव निघालं की लोक पॅरिसची गोष्ट सांगतात. २४ मे १९७६ रोजी नऊ फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून वाइन चाखल्या आणि पांढऱ्या वाइनमध्ये पहिला नंबर दिला तो कॅलिफोर्नियातल्या शातो मोंतेलेना या वायनरीच्या १९७३ च्या शार्दोनेला. ती ग्रगिच यांच्या हातची. मान मोठाच; पण मला त्यांची वेल ओळखणारी नजर जास्त मोलाची वाटते.

क्रोएशियातल्या देस्ने गावी १९२३ साली जन्मलेलं हे अकरावं भावंड. झाग्रेबला शिक्षण झालं, १९५४ मध्ये त्यांनी युगोस्लाव्हिया सोडला आणि पश्चिम जर्मनी, कॅनडा करत १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातलं नापा खोरं गाठलं. तिथल्या ब्यूलियू वायनरीत वाइननिर्माते आंद्रे चेलिश्चेव्ह यांच्या हाताखाली ते नऊ वर्षं राबले. वाइनमधल्या कडक मॅलिक आम्लाचं जिवाणूंकरवी सौम्य लॅक्टिक आम्ल करून घेण्याची क्रिया तिथे हुकमी झाली, त्यात त्यांचा वाटा होता. स्वतःच्या शार्दोनेत मात्र त्यांनी ती होऊ दिली नाही. फळाचा आंबटपणा त्यांना जसाच्या तसा हवा होता. १९७७ मध्ये ऑस्टिन हिल्स यांच्या भागीदारीत त्यांची ‘ग्रगिच हिल्स’ ही वायनरी उभी राहिली.

नापात झिनफांडेल या द्राक्षवाणाचे वेल पाहताच त्यांना गावाकडचा प्लावाट्स माली हा वाण आठवला होता. पानं तशीच, घडही तसेच. दोन्ही एकच, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. अखेर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधक कॅरोल मेरेडिथ क्रोएशियात गेल्या आणि झाग्रेबच्या पेयिच व मालेटिच या संशोधकांसह दाल्मेशिया या किनारी प्रदेशातले मळे धुंडाळू लागल्या. प्लावाट्स माली झिनफांडेलचं अपत्य निघालं. खुद्द झिनफांडेल २००१ मध्ये स्प्लिटजवळच्या काश्तेलात सापडलं, त्स्रल्येनाक या नावाने, जुन्या मळ्यातल्या मोजक्या वेलींवर. ग्रगिच यांचा अंदाज एका पिढीने चुकला होता, इतकंच. आज ज्याची लागवड नाशिकमध्येही झाली आहे, त्या वाणाचं कूळ असं उलगडलं.

तोवर ते मायदेशी परतून कामाला लागलेही होते. १९९६ मध्ये पेल्येशाट्स द्वीपकल्पावरच्या त्र्स्तेनिकमध्ये, एड्रियाटिकच्या काठी, त्यांनी ‘ग्रगिच विना’ ही वायनरी सुरू केली. तिथे लाल प्लावाट्स माली आणि पांढरी पोशिप, दोन्ही स्थानिकच. नापात नाव मिळवल्यावर कॅबर्ने-शार्दोने तिकडे नेणं सोपं होतं; त्यांनी गावचे वाण धरून ठेवले. १३ डिसेंबर २०२३ रोजी, वयाची शंभरी पार करून, ते गेले. नापातली वायनरी त्यांची मुलगी व्हायोलेट यांच्याकडे आहे.