नावाला चव असते का?

मोठ्या दुकानात खाऱ्या वेफरची दोन पाकिटे शेजारी शेजारी दिसतात. एक जाहिरातींमुळे घरोघरी पोचलेल्या नावाचे, दुसरे त्या दुकानाच्याच नावाचे. दुसरे बहुधा स्वस्त असते. मग ते हलक्या प्रतीचे असते, की पहिल्यात आपण नावाचे पैसे मोजतो? हा प्रश्न वाद घालून नव्हे, प्रयोग करून सोडवू या.

प्रथम किंमत पाहू. पाकिटाच्या फुगीरपणावर जाऊ नका. आत नायट्रोजन वायू भरलेला असतो. ऑक्सिजनशी संयोग होऊन तेल खवट होते. नायट्रोजन ते टाळतो आणि वेफरचा चुराही होऊ देत नाही. म्हणून निव्वळ वजन वाचा. समजा, ५० ग्रॅमला २० रुपये आणि ८० ग्रॅमला २४ रुपये पडतात. म्हणजे १०० ग्रॅमचा भाव अनुक्रमे ४० आणि ३० रुपये झाला. पाकीट महाग दिसले तरी माल स्वस्त निघाला!

आता घटकपदार्थांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तेल कोणते, दर १०० ग्रॅममध्ये सोडियम किती, हे ताडून पाहा. दुकानाच्या मालावर जाहिरातखर्च कमी होतो, म्हणून तो स्वस्त देता येतो. पण कधी कधी घटकही वेगळे असतात. मीठ आणि तेल मात्र स्वस्तात घेतले म्हणून कमी होत नाही!

राहिली चव. बारा मित्र जमवा. प्रत्येकाचे डोळे बांधून त्याला तीन वेफर द्या. दोन एका पाकिटातले, एक दुसऱ्यातला. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि वाढणाऱ्यालाही तो कळू देऊ नका. दोन्ही पाकिटे त्याच वेळी फोडा. दोन घासांमध्ये पाणी पिऊ द्या. मग विचारा, "यातला वेगळा कोणता?"

नुसत्या अंदाजाने सांगितले तरी तिनांत एकदा उत्तर बरोबर येणारच. म्हणजे बारांपैकी सुमारे चार जण बरोबर ठरले, तर त्यात विशेष काही नाही. आठ किंवा अधिक जण बरोबर आले, तर गोष्ट वेगळी. केवळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षाही कमी आहे. तेव्हा चवीत फरक आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आठापेक्षा कमी आले, तर दोन्ही वेफर सारखेच आहेत असे सिद्ध होत नाही. फरक आढळला नाही, एवढेच कळते. आणि फरक आढळला, तरी चांगले कोणते हा प्रश्न उरतोच. त्यासाठी डोळे बांधूनच आवड विचारा. नंतर पाकिटे दाखवून पुन्हा विचारा. उत्तर बदलले, तर तेवढा भाग चवीचा नसून नावाचा!

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग वर्गात करा. बिस्किटे आणि फरसाण यांवरही तो करता येईल. मात्र एखाद्याला कोणता पदार्थ सोसत नसेल, तर त्याला नोंदी ठेवण्याचे काम द्या. पुढच्या वेळी खाऊचे पैसे मोजताना ही वही जवळ असू द्या.