मायटर करवत, बॅटरीचलित संयुक्त

फळी, पट्टी किंवा रीप ठराविक कोनात आडवी कापण्यासाठी सुतारकामात वापरण्यात येणारे, पुन्हापुन्हा भारित करता येणाऱ्या विद्युत् घटमालेवर म्हणजे बॅटरीवर चालणारे यांत्रिक हत्यार. दोन पट्ट्यांची टोके प्रत्येकी ४५° कोनात कापून एकमेकींना भिडविली असता काटकोनी कोपरा तयार होतो व लाकडाचे कापलेले टोक बाहेरून दिसत नाही. अशा सांध्याला मायटर सांधा म्हणतात आणि त्यावरून या करवतीला हे नाव मिळाले आहे. तसबिरींच्या चौकटी, दारे-खिडक्यांभोवतीच्या नक्षीपट्ट्या, भिंतीच्या तळाशी व छताच्या सांध्यावर बसविण्याच्या पट्ट्या इ. कामांत तिचा उपयोग होतो. जिचे पाते केवळ डावीउजवीकडे वळविता येते ती साधी, तर जिचे पाते वळविण्याबरोबरच बाजूला कलविताही येते ती संयुक्त मायटर करवत होय.

बॅटरीमुळे ही करवत वीजजोडणी नसलेल्या जागी नेता येते, तारेत पाय अडकत नाही आणि तार कापली जाऊन विजेचा धक्का बसण्याचा संभवही राहत नाही. मात्र तार नसल्यामुळे यंत्राला शक्तिपुरवठा चालू आहे की नाही हे लांबूनही दाखविणारी नेहमीची खूण नाहीशी होते. या यंत्राच्या सुरक्षित वापराचा व निगेचा विचार करताना ही गोष्ट मध्यवर्ती ठरते.

इतिहास : यंत्र येण्यापूर्वी मायटर काप हातकरवतीने व मायटर पेटीच्या साहाय्याने घेत असत. ही पेटी म्हणजे वरून उघडे असलेले लाकडी पन्हळ असून तिच्या दोन्ही भिंतींत ४५° व ९०° कोनांच्या खाचा असतात. खाचेतून करवत चालविली म्हणजे काप ठराविक कोनात पडतो. ही पेटी अजूनही वापरात आहे. विद्युत् चलित्रावर चालणारी मायटर करवत अमेरिकेतील रॉकवेल या कंपनीने १९६४ मध्ये बाजारात आणली. पुढे कलणारे व आडव्या दांड्यांवरून मागेपुढे सरकणारे पाते असलेले प्रकार प्रचारात आले.

बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांचा प्रसार छिद्रण यंत्रापासून झाला. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम घटांवर चालणारे छिद्रण यंत्र विक्रीस आणले. जाड लाकूड कापण्यास लागणारी शक्ती मात्र त्या घटांतून दीर्घकाळ मिळणे कठीण होते. जपानच्या सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घटांचे व्यापारी उत्पादन सुरू केले आणि २००५ मध्ये मिलवॉकी या अमेरिकन कंपनीने असे घट असलेली २८ व्होल्टची हत्यारे आणली. या घटांना कार्बनी ब्रश नसलेल्या कार्यक्षम चलित्रांची जोड मिळाल्यावर बॅटरीवरील मायटर करवत व्यवहार्य झाली.

रचना व कार्य : करवतीची बैठक धातूची असून तिच्या मध्यभागी फिरते मेज असते. मेजावर कोनांच्या खुणा असतात आणि नेहमी लागणाऱ्या कोनांना ते खाचेत अडकून स्थिर होते. मेजाच्या मागे उभी आधारपट्टी असते. कापावयाचे लाकूड मेजावर टेकवून या पट्टीला भिडवून धरतात. चलित्र व वर्तुळाकार पाते एका बिजागरी हातावर बसविलेले असते. मूठ खाली दाबली की पाते लाकडात उतरते आणि सोडली की स्प्रिंगमुळे वर जाते. पात्याचा वरचा भाग स्थिर आवरणाने झाकलेला असतो. खालचा भाग झाकणारे आवरण पाते खाली येताना आपोआप मागे सरते व पाते वर जाताना पुन्हा मिटते. पात्याचे व्यास सामान्यतः १८४, २१६, २५४ व ३०५ मिमी. असतात.

अठरा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी ३·६ व्होल्टचे पाच लिथियम-आयन घट एकसरीत जोडलेले असतात. नुकत्याच भारित केलेल्या घटाचा दाब याहून जास्त असतो. म्हणून एकाच प्रकारच्या बॅटरीवर काही उत्पादक ‘१८ व्होल्ट’ तर काही ‘कमाल २० व्होल्ट’ असे लिहितात. १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ९० वॉट-तास ऊर्जा साठते. चलित्राने सतत १,००० वॉट शक्ती घेतली, तर ही ऊर्जा साडेपाच मिनिटांच्या आतच संपेल. परंतु एक काप दोन-तीन सेकंदांत होत असल्याने तेवढ्यात बरेच काम उरकते. मोठ्या करवतींत अशा दोन बॅटऱ्या किंवा अधिक व्होल्टची बॅटरी वापरतात.

संयुक्त काप : पाते मेजाच्या पातळीत जितके वळविले जाते तो वळणकोन आणि उभ्या स्थितीपासून जितके कलविले जाते तो कलकोन होय. भिंत व छत यांच्या सांध्यावर तिरपी बसणारी पट्टी मेजावर आडवी ठेवून कापावयाची असल्यास दोन्ही कोन एकाच वेळी लागतात. भिंतीशी ४५° कोन करणाऱ्या पट्टीचा काटकोनी कोपऱ्यासाठी वळणकोन ३५·२६° व कलकोन ३०° असावा लागतो. भिंतीशी ३८° कोन करणाऱ्या पट्टीसाठी हे कोन अनुक्रमे ३१·६२° व ३३·८६° असतात. या कोनांवर अनेक करवतींवर खास खुणा असतात. जुन्या इमारतींचे कोपरे क्वचितच बरोबर ९०° असतात. म्हणून आधी कोपरा मोजून निरुपयोगी तुकड्यांवर काप घेऊन पाहतात.

धोक्याचे स्वरूप : २१६ मिमी. व्यासाचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असता त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सु. ४५ मी., म्हणजे ताशी सु. १६० किमी. असतो. पात्याला ४० दाते असल्यास एका सेकंदात २,६०० हून अधिक दाते एका ठिकाणावरून जातात. बोट पात्याला लागल्याची जाणीव होऊन हात मागे घेईपर्यंत शेकडो दाते फिरून गेलेले असतात. म्हणजेच सावधपणे हात चटकन काढून घेण्यावर येथे विसंबता येत नाही. हात मुळातच पात्याच्या मार्गाबाहेर असणे हाच खरा उपाय होय.

अठरा व्होल्टचा दाब शरीराला सामान्यतः धक्का देत नाही. त्यामुळे हे यंत्र सौम्य असल्याचा समज होतो, पण तो चुकीचा आहे. इजा विद्युत् दाबाने नव्हे, तर फिरत्या पात्याने होते आणि पात्याला मिळणारी शक्ती तारेवरील यंत्राच्या तोडीची असू शकते. तारेवरील यंत्राची खीळ काढून ठेवली की ते निर्जीव झाल्याचे सर्वांना दिसते. बॅटरी बसविलेली करवत मात्र कोपऱ्यात ठेवलेली असो वा गाडीत, खटका दाबला जाताच सुरू होऊ शकते. म्हणून पाते बदलणे, कोन जुळविणे, अडकलेला तुकडा काढणे, सफाई करणे, यंत्र हलविणे किंवा ते सोडून जाणे यांपैकी काहीही करण्यापूर्वी पाते पूर्ण थांबू द्यावे व बॅटरी काढून घ्यावी. खटक्याचे कुलूप हा बॅटरी काढण्याला पर्याय नव्हे. बॅटरी काढून नजरेसमोर ठेवण्याची सवय लावल्यास तारेबरोबर गेलेली खूण परत मिळते.

सुरक्षित वापर : करवत डळमळणार नाही अशा मेजावर वा घोडीवर पक्की बसवितात. लांब लाकडाची टोके मेजाच्या उंचीच्या आधारांवर टेकवितात. अन्यथा काप संपताना लाकूड खाली झुकून पाते चिमटते. लाकूड क्लॅम्पने आवळणे सर्वांत चांगले. हाताने धरावयाचे असल्यास हात पात्यापासून दोन्ही बाजूंना किमान १५० मिमी. दूर ठेवतात. तुकडा इतका लहान असेल की हे अंतर राखता येत नाही, तर तो क्लॅम्पनेच धरावा किंवा लांब पट्टीवर काप घेऊन नंतर वेगळा करावा. हात एकमेकांवरून ओलांडून लाकूड धरू नये.

पात्याचे पुढचे दाते खाली व तळाचे दाते आधारपट्टीकडे जातात. त्यामुळे योग्य टेकविलेले लाकूड पट्टीवर दाबले जाते. वाकलेल्या लाकडाची फुगीर बाजू पट्टीकडे ठेवतात. तसे न केल्यास काप मिटत जाऊन पाते आवळले जाते आणि तुकडा उसळतो. गोल दांडा कापताना त्याला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचेत बसवून आवळणे आवश्यक असते, नाही तर तो पात्याबरोबर फिरतो. सरकत्या करवतीत पाते प्रथम स्वतःकडे ओढून, सुरू करून, खाली दाबून मग मागे ढकलत कापतात. कापत असताना पाते स्वतःकडे ओढल्यास ते लाकडावर चढून चालविणाऱ्याकडे झेपावते.

काप सुरू करण्यापूर्वी पात्याला पूर्ण वेग घेऊ देतात. काप संपल्यावर मूठ खालीच धरून खटका सोडतात व पाते थांबल्यावरच हात वर जाऊ देतात. फिरते पाते वर उचलल्यास कापलेला तुकडा उडण्याचा संभव असतो. बऱ्याच करवतींना विद्युत् गतिरोधक असतो. तथापि तो निकामी होऊ शकत असल्याने पाते थांबल्याचे डोळ्यांनी पाहणे इष्ट. लांबी ठरविण्यासाठी अडसर लावला असल्यास कापून सुटणारा तुकडा अडसर व पाते यांच्यामध्ये कोंडला जाऊ नये. फळी लांबीच्या दिशेने चिरण्यासाठी ही करवत वापरीत नाहीत.

काम करताना संरक्षक चष्मा व कर्णरक्षक वापरतात. सैल बाह्या, पदर, ओढणी, अंगठ्या व सैल हातमोजे पात्यात ओढले जाऊ शकत असल्याने टाळतात. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले. सागवान, शिसवी इ. लाकडांच्या धुळीने काहींच्या त्वचेचा दाह होतो. म्हणून धूळशोषक जोडणे व योग्य प्रकारचा मुखवटा वापरणे आवश्यक आहे.

पात्याची निवड व निगा : पात्याचे दाते टंगस्टन कार्बाइडाचे असून ते पोलादी चकतीला झाळून जोडलेले असतात. हा पदार्थ कठीण पण ठिसूळ असतो. प्रत्येक पात्यावर त्याची कमाल फेरेसंख्या कोरलेली असते व ती यंत्राच्या फेरेसंख्येहून कमी असता कामा नये; मधल्या छिद्राचा व्यासही जुळावा लागतो. मायटर करवतीच्या पात्याचे दाते फारसे पुढे झुकलेले नसतात, किंबहुना किंचित मागे झुकलेले असतात. लाकूड लांबीत चिरण्याच्या पात्याचे पुढे झुकलेले दाते येथे लाकूड ओढून घेतात. पातळ पाते कमी लाकूड उडवीत असल्याने बॅटरी जास्त वेळ पुरते, परंतु जाड लाकडात ते वाकण्याचा संभव अधिक असतो.

बोथट पाते जळका वास, काळसर काप व दाबावा लागणारा जादा जोर यांवरून ओळखता येते. जोर लावल्याने हात घसरतो, चलित्र तापते व बॅटरी लवकर उतरते. म्हणून धार ही सुरक्षिततेचीच बाब आहे. कित्येकदा पाते बोथट नसून त्यावर डिंक व राळ साचलेली असते. पाते उतरवून सौम्य धावणद्रव्यात भिजवून मऊ कुंच्याने घासल्यास ती निघते. दात्याचा टवका गेला असल्यास किंवा चकतीला तडा असल्यास पाते वापरू नये. पुष्कळ करवतींत पात्याचा मळसूत्री खिळा उलट्या आट्यांचा असतो. तो सोडविण्याची दिशा माहितीपुस्तिकेतून पाहून घेतात.

यंत्राची तपासणी : खालचे आवरण अडखळता मिटत असल्यास बहुधा बिजागरीत भुसा साचलेला असतो. ते साफ करावे. दोरीने बांधून वर धरून ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. सरकत्या दांड्यांना तेल लावल्यास भुसा चिकटतो, त्यामुळे त्या कोरड्या फडक्याने पुसून उत्पादकाने सांगितलेले वंगण वापरतात.

काटकोन तपासण्यासाठी समांतर कडांची पट्टी मधोमध कापून एक तुकडा उलटा करतात व दोन्हींची कापलेली टोके भिडवून सरळ कडेवर ठेवतात. कोनात चूक असल्यास फट पडते आणि ती चुकीच्या दुपटीने दिसते. लहान वाटणारी चूक चौकटीत वाढत जाते : चार कोपऱ्यांना आठ काप लागतात, प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक असली, तर शेवटच्या कोपऱ्यात ४° ची फट राहते. बैठक आपटल्यास आधारपट्टी सरकते, म्हणून करवत हलविताना हात खाली बसवून अडकवितात आणि मुठीने न उचलता वाहून नेण्यासाठी दिलेल्या जागी धरतात.

बॅटरीची निगा : लिथियम-आयन बॅटरी ० से. पेक्षा थंड किंवा सु. ४० से. पेक्षा उष्ण असताना भारित करीत नाहीत. कापून तापलेली बॅटरी आधी निवू देतात. उन्हात उभ्या मोटारीत ती ठेवू नये. दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास ती पूर्ण भारित वा पूर्ण रिकामी न ठेवता अर्धवट भारित करून थंड व कोरड्या जागी ठेवतात. सुताराच्या पिशवीत खिळे व स्क्रू यांच्यासोबत उघडी बॅटरी ठेवल्यास तिची टोके जोडली जाऊन ती तापते व पेटूही शकते, म्हणून टोकांवर टोपण लावतात. फुगलेली, भेगाळलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी पुन्हा भारित करू नये. तिच्यासाठी दिलेलाच चार्जर वापरावा.

निकामी बॅटरी कचऱ्यात टाकल्यास चेपून आग लागण्याचा धोका असतो. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचे पुनश्चक्रण करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. तेव्हा अशी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात, टोकांवर चिकटपट्टी लावून, जमा करतात.