आपल्या वहीतले आकडे आपल्याच कामाचे

आपला धाराशिव २०१८ पासून देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. राज्यात असे चारच जिल्हे. इथं आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी, बँक, रस्ते-वीज अशा गोष्टींचे ४९ निर्देशक दर महिन्याला मोजतात आणि मागच्या महिन्याशी ताडून कुठं जोर लावायचा ते ठरवतात.

हे आपल्या गटालाही जमतं. गटागटांत फिरताना आम्ही पाहतो, कर्ज नोंदवही बहुधा तपासणीच्या वेळीच उघडते. ती आधी उघडूया. वर्षभरात चुकलेले हप्ते महिन्यावार मोजूया.

समजा, बारापैकी आठ हप्ते जून-जुलैत चुकले. तेव्हा घरातला पैसा बी-खतात गेलेला असतो आणि सोयाबीन हाती येतं दसरा-दिवाळीच्या सुमारास. मग दंड वाढवून काय होणार? बाई सावकाराचं दार गाठणार. त्यापेक्षा पेरणीच्या दिवसांत हप्ता लहान आणि सुगीनंतर मोठा ठेवावा. बँकेचा हप्ता आपल्या हातात नसतो, पण गटातल्या अंतर्गत कर्जाचा हप्ता आपणच ठरवतो.

मात्र आकडा कुठं दुखतं ते सांगतो, का दुखतं ते सांगत नाही. आजारपण असेल, जनावर दगावलं असेल. ते त्या ताईलाच विचारावं, तेही चारचौघींत नको.

येत्या बैठकीत कुणाचं नाव न घेता महिन्यांचे आकडे मोठ्यानं वाचा. अंगठा उठवणाऱ्या ताईलाही ते कळू द्या, मगच ठराव लिहा.