दोन सर्व्हर आणि तिसरा साक्षीदार

बँकेचे खाते असो की परीक्षेचा अर्ज, आज सारी नोंद कोठल्या तरी सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये असते. तो सर्व्हर बंद पडला तर कारभार ठप्प होऊ नये म्हणून जोडीला दुसरा ठेवतात. पहिला, म्हणजे मुख्य, नोंदी घेतो. दुसरा त्यांची नक्कल उतरवीत राहतो. मुख्य बंद पडला की दुसऱ्याने कारभार हाती घ्यावयाचा. यालाच 'फेलओव्हर' म्हणतात. यात निवडण्यासारखे ते काय, असे कोणालाही वाटावे.

पण पहिल्याचे उत्तर येईनासे झाले, तर तो बंद पडला की मधली तार तुटली, हे दुसऱ्याने कशावरून ठरवावयाचे? त्याच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे. नुसती तार तुटली असताना तो मुख्य होऊन बसला, तर दोघेही नोंदी घेऊ लागतात. एका वहीत पैसे काढलेले, दुसरीत तेच पैसे शिल्लक! बंद पडलेली सेवा तासाभराने सुरू करता येते. अशा दोन वह्या जुळविणे मात्र महाकठीण.

म्हणून तिसरा साक्षीदार नेमतात. लहानसे यंत्रही चालते. त्याने नोंदी ठेवावयाच्या नसतात, फक्त मत द्यावयाचे. तिघांपैकी दोघांचे एकमत होईल तो मुख्य. मात्र साक्षीदार मुख्याच्याच खोलीत ठेवू नये. तेथली वीज गेली की दोघेही एकदम जातात आणि दुसरा एकटाच मताविना बसून राहतो. पदच्युत सर्व्हर गप्प बसेना तर त्याची वीजच तोडतात. या उपायाला इंग्रजीत 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला' अशा अर्थाचे नाव आहे!

एवढ्यानेही भागत नाही. जगभरचे प्रोग्रामर आपले काम जेथे ठेवतात त्या गिटहबचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राशी असलेला संपर्क २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अवघे ४३ सेकंद तुटला. बहुमताने पश्चिमेकडील सर्व्हर आपोआप मुख्य झाले. पण पूर्वेकडील शेवटच्या काही नोंदी तिकडे पोहोचल्याच नव्हत्या. आता दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी! सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. दुसऱ्याची पोच आल्यावाचून नोंद पक्की मानू नये, हा त्यावरचा मार्ग. पण मग प्रत्येक नोंद थांबते, आणि दुसरा अडला की पहिलाही अडतो.

लहान संस्थेजवळ दोनच सर्व्हर असतील, साक्षीदाराला तिसरी जागा नसेल, तर माझ्या मते बदल माणसाच्या हातीच ठेवावा. दहा-वीस मिनिटे जातील. तेवढ्यात त्याने पहिल्या सर्व्हरच्या खोलीत फोन करून तो खरोखरच बंद आहे ना, याची खात्री करून घ्यावी आणि मगच दुसऱ्याला मुख्य करावे.