सांताक्रूझ समजून जुहूला! विमान चुकीच्या विमानतळावर उतरतं तरी कसं?

निपाणीला निघालेली एसटी चिकोडी स्टँडवर जाऊन उभी राहिली, तर कंडक्टरला काय काय ऐकावं लागेल हे सांगायला नको. विमानाच्या बाबतीत असं घडेल यावर मात्र सहसा कुणी विश्वास ठेवत नाही. एवढी यंत्रं, खाली कंट्रोल टॉवर, कॉकपिटमध्ये कसलेले वैमानिक. तरीही हे घडलं आहे. एकदा नव्हे अनेकदा, आणि त्यातलं दोनदा आपल्या मुंबईत.

२४ सप्टेंबर १९७२. जपान एअरलाइन्सचं लंडनहून टोकियोला निघालेलं डीसी-८ विमान वाटेत मुंबईला उतरणार होतं. उतरायचं होतं सांताक्रूझला, उतरलं जुहूला. जुहूची धावपट्टी जेमतेम अकराशे मीटरची. एवढं मोठं चार इंजिनांचं जेट तिथं थांबणार कसं? ते धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि मोडलं. काही जण जखमी झाले, पण जीव कुणाचाच गेला नाही. विमान मात्र पुन्हा उडालं नाही. त्याआधी १९५३ च्या जुलैमध्ये ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेटही असंच जुहूला उतरलं होतं. त्याचं नशीब बरं. काही दिवसांनी ते तिथूनच उडवून नेण्यात आलं.

जुहूच का? जुहूचा विमानतळ जुना, १९२८ चा. जे. आर. डी. टाटा १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन आले ते इथेच. सांताक्रूझ नंतरचं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. दोन्ही अगदी शेजारी, आणि मुख्य म्हणजे दोन्हीच्या मोठ्या धावपट्ट्यांची दिशा जवळपास एकच.

इथे धावपट्टीच्या नंबरचा अर्थ कळायला हवा. हा नंबर एक, दोन, तीन असा ओळीने दिलेला नसतो, तो होकायंत्रावरची दिशा सांगतो. पूर्व म्हणजे ९० अंश, त्यातलं शेवटचं शून्य काढलं की ०९. सांताक्रूझची ०९, तर जुहूची ०८. फरक साधारण दहा अंशांचा. समुद्राकडून, पश्चिमेहून येणाऱ्या वैमानिकाला समोर धावपट्टी दिसते, दिशा जुळल्यासारखी वाटते आणि जुहू आधी लागतं. घात होतो तो इथे.

अमेरिकेतल्या घटनांची कथाही हीच आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये बोईंगचे सुटे भाग वाहणारं अवाढव्य ड्रीमलिफ्टर विमान कॅन्ससमधल्या विचिटा शहरात मॅकोनेल हवाई तळाऐवजी जाबारा या छोट्या विमानतळावर उतरलं. जाबारा उत्तरेला, विमानही उत्तरेकडूनच येत होतं. धावपट्ट्या इथे १८, तिथे १९. दुसऱ्या दिवशी ते तिथून उडालं आणि मॅकोनेलला पोचलं.

पुढच्याच जानेवारीत साउथवेस्ट कंपनीचं बोईंग ७३७ मिसुरी राज्यातल्या ब्रॅन्सनऐवजी शेजारच्या लहान विमानतळावर टेकलं. रात्रीची वेळ, प्रवासी १२४. धावपट्टी साधारण ११४० मीटरची, म्हणजे जुहूएवढीच. वैमानिकांनी जोरात ब्रेक मारले म्हणून विमान टोकाच्या अलीकडे थांबलं, नाहीतर पुढे उतार होता.

मग यंत्रं काय करत होती? यंत्रं चालूच होती, वैमानिक बाहेर बघत होते. हवा स्वच्छ असली की 'धावपट्टी दिसली' असं सांगून नजरेच्या भरवशावर उतरायची परवानगी मिळते. रात्री लांबून दिव्यांची एक रांग दिसते आणि जे शोधत असतो तेच सापडलं असं मन सांगतं. एकदा ठरलं की स्क्रीनवर विसंगत काही दिसलं तरी डोळा तिकडे जात नाही. गर्दीत ओळखीचा समजून भलत्याच माणसाच्या पाठीवर थाप मारतो, तसंच हे. ब्रॅन्सनच्या चौकशीत नेमकं हेच निघालं: दिव्यांवर विश्वास ठेवला, समोरच्या उपकरणांशी ताडून पाहिलं नाही.

त्यानंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने एक साधी शिफारस केली. वाटेत गोंधळ होऊ शकेल असा दुसरा विमानतळ असेल, तर विमान तो ओलांडून पुढे जाईपर्यंत कंट्रोलरने उतरायची परवानगीच देऊ नये. वैमानिकांनाही सांगितलं जातं की धावपट्टी डोळ्यांना कितीही स्पष्ट दिसो, आयएलएस म्हणजे धावपट्टीची रेषा दाखवणारे रेडिओ संकेत लावूनच ठेवायचे. काटा एका बाजूला सरकलेला दिसला की विमान परत वर उचलायचं.

आपल्याकडे गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ झाल्यापासून गोंधळ होतो तो मुख्यतः प्रवाशांचा. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. बेळगावहून गाडी काढण्यापूर्वी ही तीन अक्षरं बघितलेली बरी.

लंडनकरांनी यावर फार जुना उपाय केला होता. १९६० मध्ये पॅनॅमचं बोईंग ७०७ हीथ्रोऐवजी नॉर्थोल्ट या लष्करी तळावर उतरलं. दोन्हींच्या वाटेवर गॅसच्या मोठ्या गोल टाक्या होत्या आणि वैमानिक त्याच खुणेवर येत. मग हीथ्रोच्या वाटेवरच्या साउथॉलच्या टाकीवर रंगाने मोठी अक्षरं काढण्यात आली, 'एलएच', आणि शेजारी एक बाण.