पेडल आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ

विद्युत-गिटार शिकणाऱ्या तरुणांमध्ये एक समज फार खोलवर रुजलेला आढळतो. एखाद्या विख्यात वादकाच्या ध्वनिमुद्रिकेतील ज्या स्वराने आपल्याला भुरळ घातली, तो स्वर त्याच्या पायाशी ठेवलेल्या धातूच्या लहानशा डबीत साठवलेला असून, ती डबी विकत घेतली की तो आपल्याही स्वाधीन होईल, असे त्यांना मनोमन वाटत असते. या समजापायी पदरची रक्कम खर्चून आणलेले पेडल घरच्या ॲम्प्लिफायरला जोडले जाते, निघालेला कर्कश किंवा गुदमरलेला आवाज ऐकून वादक हिरमुसतो, दोष कधी पेडलच्या, कधी गिटारच्या, तर कधी स्वतःच्या बोटांच्या माथी मारतो आणि दुसऱ्या पेडलच्या शोधाला लागतो. वास्तविक यांपैकी कोणाचाच अपराध नसतो. पेडल हे अर्धे वाद्य आहे. त्याच्यापुढे कोणत्या प्रकृतीचा ॲम्प आहे आणि तो किती मोठ्याने चालवला आहे, यांवर त्याचे गुण-अवगुण ठरतात. म्हणून आधी ॲम्प ओळखावा आणि मग पेडल निवडावे, हेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

हे का, याचा उलगडा होण्यासाठी गिटारच्या ध्वनीचा प्रवास थोडक्यात पाहिला पाहिजे. गिटारच्या तारांखाली बसवलेल्या पिकअपमध्ये लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार छेडली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत अत्यंत क्षीण असा विद्युत्संकेत उत्पन्न होतो, ज्याचा दाब बहुधा एका व्होल्टच्याही खालीच राहतो. ॲम्पचा पहिला विभाग, म्हणजे प्रीॲम्प, या संकेताला वाढवतो, त्यातील खर्ज, मध्य आणि तार या अंगांचे प्रमाण ठरवतो आणि तो पॉवर ॲम्पच्या हवाली करतो. पॉवर ॲम्प त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. पेडलची तैनाती सामान्यतः गिटार आणि प्रीॲम्प यांच्या दरम्यान असते. त्यामुळे पेडलने संकेतात काहीही फेरफार केला, तरी त्यावरचा अखेरचा हुकूम ॲम्पचा आणि स्पीकरचाच असतो.

पेडलच्या कुळातील सर्वांत महत्त्वाची शाखा विरूपणाची, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ यांची. जुन्या रेडिओत असत तसले काचेचे व्हॉल्व्ह आजही गिटारच्या अनेक ॲम्पमध्ये असतात, आणि त्यांना त्यांच्या हद्दीपलीकडे ढकलले की ध्वनिलहरीचे माथे छाटले जाऊन मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर जन्माला येतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावली म्हणजे एकाच तारेतून उपस्वरांचे सबंध मंडळ जसे उमलते आणि स्वराची आस वाढते, त्याच जातीचे हे समृद्धीकरण आहे. प्रारंभी तंत्रज्ञ या विकृतीला दोषच मानीत. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे अमेरिकेतील नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रण चालू असता मिक्सरच्या एका वाहिनीत बिघाड झाला, ग्रेडी मार्टिन यांच्या खर्जाच्या गिटारचा आवाज फाटून बाहेर पडला, आणि तो काढून न टाकता तसाच राहू देण्यात आला. त्या गीताचे ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी पुढे हाच परिणाम ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने साधणारे मंडल तयार केले, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ते मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणले. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्स यांनी हे पेडल वापरल्यावर त्याची कीर्ती जगभर झाली.

आता ॲम्पच्या प्रकृतींकडे वळू. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी उभारलेल्या कारखान्यातून १९६३ साली निघालेला डीलक्स रिव्हर्ब हा अमेरिकन घराण्याचा उत्तम प्रतिनिधी होय. सुमारे २२ वॅट शक्तीच्या या ॲम्पवर तार आणि खर्ज यांची बटणे आहेत, पण मध्य अंगाचे बटणच नाही. त्याच्या रचनेतच मध्यातील काही भाग खोलगट ठेवलेला असल्यामुळे साध्या वादनात त्याचा स्वर स्फटिकासारखा स्वच्छ आणि विस्तीर्ण वाटतो. इंग्लंडमध्ये डार्टफर्ड येथील जेनिंग्ज यांच्या कंपनीसाठी डिक डेनी यांनी आखलेल्या आणि १९५९ साली अवतरलेल्या व्हॉक्स एसी-३० मध्ये चार लहान ईएल-८४ व्हॉल्व्ह असतात. त्याच्या तार अंगात घंटानादासारखी झळाळी आहे, आणि मोठ्याने वाजवताच तो हलकेच फाटू लागतो. लंडनच्या हॅनवेल भागात ढोलवाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६२ साली फेंडरच्याच बेसमन या ॲम्पच्या आराखड्यावरून आपला पहिला ॲम्प सिद्ध केला. मात्र इंग्लंडमध्ये मिळणारे सुटे भाग आणि बंद पेटीतील स्पीकर यांमुळे त्याचा स्वर फेंडरहून निराळा, मध्य अंगाने भरदार आणि उग्र झाला. चौथी प्रकृती जपानच्या रोलंड कंपनीने १९७५ साली आणलेल्या जॅझ कोरस-१२० ची. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, ट्रान्झिस्टर आहेत, आणि कितीही मोठ्याने वाजवले तरी तो सहसा आपली स्वच्छता सोडीत नाही.

मेळ म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने तपशीलवार पाहू. इबानेझ कंपनीचे १९७९ सालचे ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८ हे हिरवे पेडल जगातील बहुधा सर्वाधिक अनुकरण झालेले ओव्हरड्राइव्ह पेडल असेल. त्याच्या मंडलातील विरूपणाच्या टप्प्यात सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा खर्ज क्रमशः कमी वाढवला जातो आणि पुढच्या टप्प्यात अगदी वरचा तार भाग दाबला जातो, त्यामुळे मध्य अंगाचा उंचवटा तयार होतो. हे पेडल डीलक्स रिव्हर्बला जोडले, तर ॲम्पने मध्यात ठेवलेला खोलगट भाग पेडलचा उंचवटा बरोबर भरून काढतो, आणि एरवी ढोलक-बासरीच्या गर्दीत हरवणारी गिटार मैफलीत ठळकपणे पुढे येते. स्टीव्ही रे वॉन यांनी फेंडरच्या ॲम्पपुढे ट्यूब स्क्रीमर वापरून जो स्वर सिद्ध केला, त्याचे मर्म या पूरकतेत आहे. तेच पेडल, त्याच बटणांसह, आधीच मध्याने भरलेल्या ॲम्पला लावले की मध्यावर मध्य चढून स्वर नाकातून आल्यासारखा कोंदट होतो. मार्शलच्या जेसीएम-८०० सारख्या उग्र ॲम्पपुढेही ट्यूब स्क्रीमर यशस्वी होतो खरा, पण तेथे त्याचा विनियोग वेगळा असतो: पेडलचे ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल बरेच वर ठेवले जाते, विरूपणाचे काम ॲम्पचे व्हॉल्व्हच करतात, आणि पेडल केवळ खर्जाचा फापटपसारा आवरून ॲम्पला अधिक जोराचा संकेत देते. हेवी मेटलच्या वादकांमध्ये ही रीत रूढ आहे.

व्हॉक्सची गोष्ट याहून निराळी. आयर्लंडचे रोरी गॅलॅघर एसी-३० पुढे डॅलस कंपनीचा रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर वापरीत, आणि क्वीनचे ब्रायन मे यांनीही एसी-३० बरोबर ट्रेबल बूस्टरचीच संगत धरली. हे साधन स्वतः फारसे विरूपण करीत नाही. खर्ज मागे ठेवून तार अंगाचा संकेत बळकट करते आणि आधीच फाटण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या ॲम्पला पलीकडे ढकलते. हाच ट्रेबल बूस्टर कमी आवाजात चालणाऱ्या स्वच्छ ॲम्पला लावला, तर कानाला टोचणाऱ्या किनारीखेरीज हाती काही लागत नाही. उलटपक्षी जॅझ कोरससारख्या अढळ स्वच्छतेच्या ॲम्पकडून विरूपणात सहकार्याची अपेक्षाच धरू नये. तेथे ज्या पेडलला स्वतःचे पुरेसे विरूपण आणि विस्तृत टोन-नियंत्रण आहे तेच घ्यावे आणि त्याचे तार अंग सढळपणे कमी करावे. मात्र कोरस, डिले आणि रिव्हर्ब यांना असा स्वच्छ ॲम्प म्हणजे कोरा, पांढरा कागद लाभल्यासारखेच आहे.

पेडलांच्या क्रमाविषयीही काही दंडक अनुभवाने ठरलेले आहेत. वाह आणि कॉम्प्रेसर आधी, त्यानंतर विरूपणाची पेडले, मग कोरस-फेझरसारखी स्वर डोलवणारी, आणि शेवटी डिले व रिव्हर्ब, असा क्रम बहुतेकांना मानवतो. डिले विरूपणाच्या नंतर असला की प्रत्येक प्रतिध्वनी सुटा आणि स्पष्ट ऐकू येतो. आधी असला तर मूळ स्वर आणि प्रतिध्वनी एकत्र फाटून त्यांचा कालवा होतो. म्हणूनच ज्या ॲम्पच्या प्रीॲम्पमध्येच भरपूर विरूपण होते, त्याच्या मागील बाजूस सेंड आणि रिटर्न अशा दोन खाचांचा इफेक्ट्स लूप असल्यास डिले आणि रिव्हर्ब तेथे, म्हणजे प्रीॲम्पच्या नंतर आणि पॉवर ॲम्पच्या आधी, जोडावेत. स्वच्छ चालवलेल्या ॲम्पला या व्यवस्थेची गरज भासत नाही. फझ फेससारखी जर्मेनियमची जुन्या धर्तीची फझ पेडले मात्र गिटारच्या अगदी लगत हवीत. त्यांचे मंडल थेट पिकअपशी व्यवहार करते, आणि मध्ये बफर, म्हणजे संकेताला बळ देणारे मंडल, आला की गिटारचे व्हॉल्यूम कमी करून स्वर निवळवण्याची त्यांची खासियत नष्ट होते.

विजेचा आणि तारांचा बंदोबस्त हा विषय रुक्ष असला, तरी त्याची हयगय केल्यास साऱ्यावर पाणी फिरते. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट दाब आणि मध्यभागी ऋण टोक असलेला प्लग लागतो. जुन्या धाटणीच्या काही फझ पेडलांत हे ध्रुव उलट असतात आणि एकाच सामायिक तारेवरून त्यांना वीज देणे घातक ठरते. प्रत्येक पेडलला किती मिलिॲम्पिअर प्रवाह लागतो ते बहुधा त्यावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते; त्या सर्वांची बेरीज वीजपुरवठ्याच्या क्षमतेच्या आत राहिली पाहिजे. डिजिटल पेडलांची भूक पुष्कळ मोठी असल्याने त्यांना स्वतंत्र वाट देणारा पुरवठा घेतला तर गुणगुणाटाचा उपद्रवही कमी होतो. गिटारची केबल एका मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड इतकी विद्युत्धारिता बाळगते, त्यामुळे लांबलचक केबली आणि अनेक ट्रू-बायपास (बंद असताना संकेत आपल्या मंडलातून न नेणारी) पेडले यांच्या साखळीत तार अंग झिजत जाते. साखळीत योग्य जागी एखादा बफर ठेवणे हा त्यावरचा साधा इलाज आहे.

आवाजाच्या पातळीचा प्रश्न आपल्या शहरांतील वादकांना विशेष जाचतो. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत भिंतीला भिंत लागून संसार चालतात, आणि ३० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प त्याच्या ऐन रंगात येईपर्यंत शेजाऱ्यांची तक्रार दाराशी येऊन ठेपते. येथे हे ध्यानात घ्यावे की, वॅट दुप्पट झाले तर आवाज केवळ ३ डेसिबलने चढतो आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट व्हावी लागते. म्हणजे ३० ऐवजी १५ वॅटचा ॲम्प घेऊन शांतता लाभत नाही, त्यासाठी एक ते पाच वॅटचे यंत्र किंवा हेडफोनवर चालणारा डिजिटल ॲम्पच हवा. शिवाय मंद आवाजात मानवी कानाला खर्ज आणि तार ही दोन्ही अंगे कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रयोगांती दाखवून दिले आहे. त्यामुळे रात्री खोलीत हळू आवाजात बसवलेला टोन सभागृहात खर्जाने घुमतो आणि ताराने टोचतो. कार्यक्रमाच्या दिवशी बटणे नव्याने लावण्याची मुभा आणि वेळ वादकाने मागून घेतलीच पाहिजे. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतून पुष्कळदा ॲम्प नसतोच आणि पेडल थेट मिक्सरला जोडले जाते. अशा वेळी विरूपित स्वर भुणभुणणाऱ्या माश्यांच्या थव्यासारखा येतो. याचे कारण असे की, गिटारचा स्पीकर साधारणतः ५००० हर्ट्झच्या पुढचा भाग झपाट्याने गाळून टाकतो, सभागृहाचे स्पीकर तो गाळीत नाहीत. स्पीकरचे अनुकरण करणारे कॅबिनेट-सिम्युलेटर साखळीच्या शेवटी ठेवल्याने ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

तेव्हा नवे पेडल घेण्याचा संकल्प ज्यांनी केला असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. महिनाभर केवळ गिटार आणि ॲम्प एवढ्यांवरच वाजवा, ॲम्पचे प्रत्येक बटण शून्यापासून दहापर्यंत फिरवून तो कोठे स्वच्छ राहतो, कोठे फाटू लागतो आणि त्याच्या मध्य अंगात काय कमी-अधिक आहे, हे कानांनी नीट पारखून घ्या. मग आपली स्वतःची गिटार घेऊन दुकानात जा, आपल्या ॲम्पच्याच जातीच्या ॲम्पवर, प्रत्यक्षात वाजवणार असाल तेवढ्याच आवाजात, पेडल ऐका, आणि त्याने ॲम्पची उणीव भरून काढली तरच ते घ्या. अशा रीतीने निवडलेले एक ओव्हरड्राइव्ह आणि एक डिले बहुतेक वादकांना वर्षानुवर्षे पुरते. आणि ॲम्प न ओळखता जमवलेल्या दहा पेडलांचा उपयोग होण्यापेक्षा अडगळच अधिक होते.